माळ्यावरचं दूरदर्शन

वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याची उंची ३०० मीटर. तिथून रायगड जिल्ह्यातलं श्रीवर्धन सरळ रेषेत दक्षिणेला साधारण ११० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या उंचीवरून निघालेल्या लहरी ऐंशीएक किलोमीटरनंतर डोक्यावरून निघून जातात आणि त्यापुढचं गाव सावलीत राहतं. हिशेबानं पाहिलं तर मुंबई केंद्राचं चित्र श्रीवर्धनला थेट दिसायलाच नको. समुद्राला मात्र हा हिशेब मान्य नसतो. उन्हाळ्यात पाण्यालगतची दमट हवा आणि तिच्यावरची कोरडी, गरम हवा यांच्या थरांमध्ये लहरी अडकतात आणि क्षितिजापलीकडे वाहत जातात. त्यामुळे किनाऱ्यावर एखाद्या संध्याकाळी चित्र लख्ख, तर दुसऱ्या दिवशी पडद्यावर नुसत्या मुंग्या. एकानं कौलांवर चढून अँटेना फिरवायची, दुसऱ्यानं अंगणातून निरोप पोचवायचा आणि तिसऱ्यानं पडद्यासमोर बसून ओरडायचं : “आलं, आलं... गेलं!”

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड झालं १९८१ मध्ये. ऑगस्ट १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१बी’ उपग्रह अवकाशात गेला, पुढच्या दोन-तीन वर्षांत देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि दिल्ली-मुंबईचे कार्यक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोचू लागले. ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला, ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला. रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडण्याचे दिवस ते हेच.

याच सुमारास कोकणात आणखी एक यंत्र आलं. श्रीवर्धन, म्हसळा आणि बाणकोट खाडीच्या दोन्ही तीरांवरची अनेक घरं आखाती देशांतल्या नोकऱ्यांवर उभी आहेत. सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या सामानात कपडे, अत्तर, टेपरेकॉर्डर आणि ऐंशीच्या दशकात व्हीसीआर असायचा. दुबई, कुवेत, मस्कत या ठिकाणी टीव्हीची पद्धत भारतासारखीच ‘पाल’ होती. त्यामुळे तिकडचा व्हीसीआर इकडे आणि इकडची कॅसेट तिकडे विनातक्रार चालायची. लग्नाचं चित्रीकरण तिकडे जायचं, रविवारची मालिकाही जायची. रेकॉर्डचं बटण दाबणाऱ्याला आपण काही जतन करतो आहोत असं वाटण्याचं कारणच नव्हतं. दूर असलेल्या माणसाला कार्यक्रम चुकू नये, एवढाच हेतू.

आज जगभर जुन्या मालिकांचा शोध घेणारी मंडळी नेमक्या याच कॅसेटच्या मागे आहेत. लहानपणी पाहिलेली मालिका पुन्हा जशीच्या तशी पाहता यावी म्हणून चाहते घरच्या टेप गोळा करतात, त्यातलं चित्र संगणकावर उतरवतात, तुटलेले भाग जोडतात, रंग सुधारतात, आवाजातली खरखर काढतात. या कामाला पगार नसतो. कुणी अभियंता, कुणी बँकेत, कुणी शिक्षक. रात्री जेवणं झाल्यावर बसायचं आणि एका भागावर महिनोन् महिने घालवायचे. मूळ वस्तू जपण्याची जबाबदारी ज्या संस्थांवर होती, त्यांच्याकडून सुटलेलं बरंच काही या हौशी माणसांनी परत मिळवलं आहे.

मुरूडचा शेरखान

श्रीवर्धनच्या उत्तरेला दिघी, तिथून फेरीबोटीनं खाडी ओलांडली की आगरदांडा आणि पुढे मुरूड. नाना पाटेकरांचा जन्म या मुरूड-जंजिऱ्यातला, १९५१ सालचा. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं. त्यातल्या शेरखानचा आवाज नानांचा होता. रायगडच्या किनाऱ्यावरच्या पोरांना हे ठाऊक असो वा नसो, वाघ बोलायला लागला की ती दचकायची.

ही मालिका मुळात जपानी. निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीनं ती काढली आणि ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात तिचे ५२ भाग जपानमध्ये दाखवले गेले. भारतात आली तेव्हा तिला हिंदी संवाद मिळाले आणि नवं शीर्षकगीत मिळालं. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची. जपानी मुलांचा मोगली आणि भारतीय मुलांचा मोगली दिसायला एकच, पण कानाला दोन वेगळे. या हिंदी अवताराची पकड किती, याचा पुरावा २०१६ मध्ये मिळाला. डिस्नेचा नवा ‘जंगल बुक’ चित्रपट भारतात हिंदीत आला, तेव्हा शेरखानसाठी पुन्हा नाना पाटेकरांनाच बोलावलं गेलं आणि प्रसिद्धीसाठी गुलजार-भारद्वाज यांचं तेच जुनं गाणं नव्यानं मुद्रित झालं. तेवीस वर्षांपूर्वी रविवारी सकाळी दात घासत टीव्हीपुढे बसलेल्या पिढीकडे आता तिकिटाचे पैसे होते, हे कंपनीला पक्कं माहीत होतं.

अशी परभाषेत बोलणारी मालिका हा चाहत्यांच्या कामाचा एक खास प्रकार आहे. चित्र एका देशात, आवाज दुसऱ्या देशात. ॲनिमेशन त्या काळी फिल्मवर चित्रित होई आणि फिल्म नीट ठेवली तर पन्नास वर्षांनीही तिच्यातून सुरेख चित्र निघतं. परदेशात अशा मालिकांच्या स्वच्छ डीव्हीडी, ब्लू-रे निघतात. त्यात हिंदी आवाज नसतो; तो असतो दूरदर्शनवरून घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटवर. मग चाहते परदेशी डिस्कमधलं चित्र घेतात आणि त्यावर कॅसेटमधला आवाज बसवतात. ‘डक टेल्स’, ‘टेल स्पिन’ या डिस्नेच्या मालिकांच्या हिंदी आवाजाचा माग काढणारी मंडळी आहेत ती याच कारणानं.

ऐकायला सोपं वाटतं, बसवायला घेतलं की घाम फुटतो. ॲनिमेशनची फिल्म सेकंदाला २४ चित्रांच्या वेगानं तयार होते. भारतातल्या ‘पाल’ पद्धतीत टीव्ही सेकंदाला २५ चित्रं दाखवतो. फिल्म टीव्हीवर चढवताना अनेकदा सरळ वेग वाढवला जाई. त्यामुळे २२ मिनिटांचा भाग जवळपास ५३ सेकंदांनी आखूड होतो. हिंदी संवाद या आखूड चित्रावर मुद्रित झालेले असतील तर ते मूळ चित्रावर ठेवताच मिनिटाभरात ओठ आणि शब्द यांची फारकत होते. आवाज ताणावा तर तो जड होतो आणि आधीच खर्जातला शेरखान आणखी खोल जातो. म्हणून लांबी वाढवायची, पण सूर ढळू द्यायचा नाही, अशी कसरत करावी लागते. त्यात मध्येच जाहिरातींसाठी कापलेले तुकडे, कुणाच्या घरी वीज गेल्यामुळे राहिलेली फट, कुणी उशिरा बटण दाबल्यामुळे हुकलेलं शीर्षकगीत. एका भागाला चार घरच्या चार कॅसेट लागतात आणि गोधडीसारखा तो भाग तुकड्यातुकड्यानं शिवावा लागतो.

टेप महाग, म्हणून पुसली

ॲनिमेशनला फिल्मचा आधार आहे. माणसांच्या मालिकांचं दुखणं वेगळं. स्टुडिओत व्हिडीओ टेपवर चित्रित झालेला कार्यक्रम म्हणजे ती टेप आणि तिच्या प्रती. त्याच्या मागे फिल्मची निगेटिव्ह नसते. सत्तरच्या दशकात ही टेप आयात व्हायची, महाग असायची आणि एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित करून ती अनेकदा वापरली जायची. दूरदर्शनच्या जुन्या मंडळींनी हे वेळोवेळी सांगितलेलं आहे. पुसणाऱ्यांचा त्यात दुष्टावा नव्हता. कार्यक्रम एकदा दाखवायचा असतो, वर्तमानपत्रासारखा दुसऱ्या दिवशी शिळा होतो, अशीच तेव्हाची समजूत होती.

मराठी माणसाच्या दृष्टीनं या काळातलं मोठं नाव ‘चिमणराव गुंड्याभाऊ’. चिं. वि. जोशींच्या कथांवरून विजया जोगळेकर-धुमाळे यांनी मुंबई केंद्रासाठी ही मालिका केली, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. बाळ कर्वे यांचं ऑगस्ट २०२५ मध्ये निधन झालं तेव्हाही बातम्यांच्या मथळ्यांत त्यांचं नाव ‘गुंड्याभाऊ’ असंच आलं. इतकी पक्की ओळख देणारी ही मालिका ज्या काळात झाली, त्या काळात घरी व्हीसीआर असणं ही मुंबईतल्या मूठभर घरांची चैन होती. म्हणजे संस्थेच्या कपाटात जे राहिलं ते राहिलं. प्रेक्षकाच्या घरी दुसरी प्रत असण्याची शक्यता फारच कमी.

‘गोट्या’चं तसं नाही. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकांवरून राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका दूरदर्शनवर आली ती १९९० च्या आसपास. जॉय घाणेकर गोट्या झाला होता. शीर्षकगीत मधुकर आरकडे यांचं, संगीत अशोक पत्की यांचं. आज पन्नाशीकडे झुकलेल्या मराठी माणसाला ती चाल अजून तोंडपाठ असते. तोवर कोकणातल्या छोट्या गावांतही व्हीसीआर पोचला होता, भाड्यानं मिळत होता, रात्रभरात तीन पिक्चर संपवण्याची पैज लागत होती. ‘किलबिल’, ‘गजरा’, ‘एक शून्य शून्य’ यांचे भाग कुणी ना कुणी उतरवून ठेवले असतील, तर ते या काळातल्या कॅसेटवर.

राजदत्तांना २०२४ मध्ये पद्मभूषण मिळालं. सत्कार झाले, मुलाखती झाल्या. दिग्दर्शकाचा गौरव करण्याची आपली रीत चांगलीच आहे. त्यानं केलेली मालिका नीट, संपूर्ण, मूळ रूपात कुठे पाहायला मिळेल हा प्रश्न त्या समारंभांत सहसा निघत नाही.

वहीतली मालिका

पुसापुशीचा हा आजार भारतापुरता नाही. ब्रिटनच्या बीबीसीनं १९६७ ते १९७८ या काळात हजारो टेप पुसल्या, फिल्म प्रती जाळल्या किंवा फेकल्या. ‘डॉक्टर हू’ या मुलांच्या आवडत्या विज्ञानकथा-मालिकेचे साठच्या दशकातले शंभरच्या आसपास भाग असे गेले. तरीही त्यातल्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. कारण त्या काळी काही पोरं टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून टेपरेकॉर्डरवर मालिका मुद्रित करत होती. चित्र साठवण्याचं यंत्र घरी नव्हतं, तर निदान आवाज तरी. जॉन क्यूरा नावाचा छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचेच फोटो काढून कलाकारांना विकायचा. चाहत्यांनी पुढे हे फोटो आणि तो आवाज जोडून हरवलेल्या भागांची पुनर्रचना केली.

‘द डीमन्स’ या १९७१ सालच्या कथेचं उदाहरण तर विलक्षण आहे. बीबीसीकडे तिचे बहुतेक भाग उरले होते फक्त कृष्णधवल फिल्मवर. अमेरिकेतल्या एका चाहत्याकडे टीव्हीवरून उतरवलेली रंगीत कॅसेट होती. रंग ठीक, पण चित्र धूसर. १९९२ मध्ये काही चाहते-तंत्रज्ञांनी फिल्ममधली रेखीवता आणि कॅसेटमधला रंग एकत्र आणले आणि कथा पुन्हा रंगीत झाली. पुढे याच गटाला बीबीसीनं अधिकृत डीव्हीडींच्या कामावर घेतलं. नंतरचा शोध त्याहून थक्क करणारा. रंगीत कार्यक्रमाची कृष्णधवल फिल्म काढताना पडद्यावरच्या रंगसंकेताची बारीक ठिपक्यांची जाळी फिल्मवर उमटलेली असते. ही जाळी वाचून मूळ रंग परत मिळवणारी संगणकप्रणाली हौशी मंडळींनीच लिहिली आणि २००८ मध्ये ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेचा एक भाग तिच्या आधारे रंगीत झाला.

जपानची गोष्ट बालमालिकेचीच आहे. एनएचकेवर १९६४ ते १९६९ या काळात ‘ह्योक्कोरी ह्योतानजिमा’ हा बाहुल्यांचा खेळ रोज लागायचा. एकूण १२२४ भाग. त्यातले उरले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथेही टेप महाग होती. १९९१ मध्ये एनएचकेला ही मालिका पुन्हा करावीशी वाटली तेव्हा पटकथाही पुरत्या सापडेनात. मदतीला आल्या एका प्रेक्षकाच्या शाळकरी वयातल्या वह्या. तो रोज मालिका पाहून कथानक, संवाद, गाणी लिहून ठेवत असे. शाळकरी मुलाचं ते टिपण राष्ट्रीय प्रसारणसंस्थेच्या दप्तरापेक्षा भरवशाचं निघालं. एनएचकेनं त्यातून धडा घेतला. आज ती संस्था जुन्या कार्यक्रमांच्या टेप असतील तर कळवा असं प्रेक्षकांना जाहीर आवाहन करते आणि मिळालेलं साहित्य आपल्या संग्रहात दाखल करून घेते.

फ्रान्सनं तर कायदाच केला. पुस्तकाची प्रत जशी राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी लागते, तसं रेडिओ-टीव्हीचं प्रसारणही राष्ट्रीय संग्रहात जमा झालं पाहिजे, असं १९९२ चा कायदा सांगतो. भारतात १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. दिवाळी अंकाचीही सोय त्यात आहे. टीव्ही मालिकेची नाही.

वसंत २०२०

लॉकडाऊन लागला आणि दूरदर्शनला आपल्या जुन्या खजिन्याची आठवण झाली. प्रायोजित मालिकांचे हक्क बहुतेक वेळा निर्मात्यांकडे असतात. त्यामुळे ‘रामायण’साठी सागर कुटुंबाशी बोलणी करावी लागली. २८ मार्च २०२० पासून मालिका पुन्हा सुरू झाली आणि १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शननं जाहीर केलं. ८ एप्रिलपासून दुपारी एक वाजता ‘जंगल बुक’ही आलं. मुंबईहून गावी अडकलेल्या चाकरमान्यांनी आपल्या मुलांना शेजारी बसवून मोगली दाखवला.

दोन महिन्यांत, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर हा पट्टा त्याच्या तडाख्यात सापडला. श्रीवर्धनी रोठ्याच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, नारळ मोडले, कौलं आणि पत्रे उडाले, वीज यायला कित्येक ठिकाणी आठवडे लागले. पिढ्यान् पिढ्या जोपासलेली बाग गेल्यावर कॅसेटची आठवण कुणाला होणार? पण घराचं छप्पर उडालं म्हणजे माळा उघडा पडला, आणि माळ्यावर जे जे होतं त्यावर पाऊस पडला. जुनी कागदपत्रं, फोटोंचे अल्बम, लग्नाच्या कॅसेट यांचं काय झालं याचा पंचनामा कुठल्याच तलाठ्याच्या वहीत नसतो.

वादळ नसतं तरी इथली हवा टेपला मानवणारी नाही. चुंबकीय टेप टिकायची तर हवेतली आर्द्रता साधारण ३० ते ४० टक्के असावी, असं जतन करणारे सांगतात. श्रीवर्धनला पावसाळ्यात ती ८५ च्या पुढे असते. टेपच्या प्लॅस्टिक पट्टीवर चुंबकीय कण चिकटवणारा लेप ओलावा शोषतो आणि हळूहळू चिकट होतो. कडेला पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीवर पांढरे धागे किंवा ठिपके दिसले तर ती बुरशीच समजावी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या ड्रमवरचं हेड बरबटतं आणि नंतर घातलेली चांगली कॅसेटही खराब होते.

चकचकीत म्हणजे चांगलं नव्हे

कॅसेट वाचली तरी तिच्यातून चित्र बाहेर काढणं हे कसबाचं काम. घरगुती व्हीएचएस कॅसेटवर चित्राचा तपशील मुळातच कमी असतो, साधारण २४० रेषांइतका. रंगाचा तपशील त्याहून कितीतरी कमी. स्वस्तातलं यूएसबी यंत्र लावून संगणकावर उतरवलं तर त्यातलंही बरंच गळतं. चित्राच्या कडा थरथरू नयेत म्हणून वेळ दुरुस्त करणारं वेगळं यंत्र मध्ये लावतात. अलीकडे चाहत्यांनी याहून मुळाशी जाणारी वाट काढली आहे : व्हीसीआरनं बनवलेलं चित्र घ्यायचंच नाही, हेडनं टेपवरून उचललेला कच्चा संकेत थेट साठवायचा आणि त्याचं चित्र संगणकावर बनवायचं. ‘व्हीएचएस-डिकोड’ नावाची ही प्रणाली कुणालाही फुकट वापरता येते. एकाच भागाच्या तीन-चार कॅसेट मिळाल्या तर आणखी बरं. प्रत्येक टेपवर डाग वेगळ्या जागी असतो. सगळ्यांची तुलना करून संगणक डाग वगळतो आणि चित्र ठेवतो. ‘आमच्याकडची प्रत फारच खराब आहे’ असं म्हणणाऱ्याच्या कॅसेटलाही म्हणूनच किंमत आहे.

हौसेचे तोटेही आहेत. इंटरनेटवर जुन्या मालिकांचे जे भाग फिरतात त्यांत चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणून माणसं बुटकी केलेली असतात. किंवा पडदा भरावा म्हणून वरचं-खालचं मिळून चतुर्थांश चित्र कापून टाकलेलं असतं. टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांनी बनतं. ती निष्काळजीपणे जोडली की हलत्या हाताला भुतासारखी सावली दिसते. कृत्रिम बुद्धिमत्तेची हत्यारं आल्यापासून नवा रोग जडला आहे. धूसर चेहरा ‘स्वच्छ’ करायला सांगितला की यंत्र नसलेल्या पापण्या काढतं, सुरकुत्या पुसतं, चेहरा मेणाचा करतं. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची अक्षरं कुठल्याच लिपीत नसलेली होतात. जाणते चाहते म्हणून एक नियम पाळतात : टेपवरून उतरवलेली कच्ची प्रत आधी बाजूला ठेवायची, तिला हात लावायचा नाही, जे काही प्रयोग करायचे ते तिच्या नकलेवर. दहा वर्षांनी चांगलं तंत्र आलं की पुन्हा मूळ प्रतीपासून सुरुवात करता येते.

फिल्म हाताशी असली तर अधिकृत काम किती सुंदर होऊ शकतं, हे जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रेक्षकांनी पाहिलं. जपानचे युगो साको आणि मुंबईचे राम मोहन यांनी केलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा नव्वदच्या दशकातला ॲनिमेशनपट ४के रूपात चित्रपटगृहांत लागला. तोवर भारतीय मुलांच्या दोन पिढ्यांनी तो मुख्यतः टीव्हीवर आणि धूसर प्रतींमध्ये पाहिला होता. मधल्या तीस वर्षांत त्याची मागणी जिवंत राहिली ती या धूसर प्रती जपणाऱ्या आणि एकमेकांना देणाऱ्या प्रेक्षकांमुळे.

कायदा आणि वाचनालय

चाहत्यांचं हे काम कायद्याच्या कडेवरून चालतं. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा, आणि त्यात चित्रित मालिकाही आली, हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. १९९० सालची मालिका २०५० च्या अखेरपर्यंत हक्काखाली आहे. प्रसारणाचा वेगळा हक्क २५ वर्षांचा. तो संपला तरी मूळ हक्क उरतोच. घरच्या घरी पाहण्यासाठी आपल्या कॅसेटची प्रत काढणं निराळं आणि ती जगजाहीर करणं निराळं. म्हणून जबाबदार मंडळी विक्री करत नाहीत आणि हक्कदारानं अधिकृत प्रत काढली की आपली मागे घेतात.

याच कायद्यात एक उपयोगी दार आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये अशी तरतूद आली की, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ग्रंथालयाला साठवता येते. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानं चालणारी हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत. कोकणात तर शंभरी पार केलेली अनेक. ज्या वाचनालयानं गावच्या जुन्या पोथ्या आणि दिवाळी अंक जपले, त्यानं कपाटाचा एक कप्पा कॅसेटला द्यायला हरकत काय? गावातल्या देणगीदारांकडून कॅसेट घ्यायच्या, कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवायच्या, यादी करायची आणि जाणत्या माणसाकडून उतरवून घ्यायच्या. खर्च एका व्याख्यानमालेपेक्षा जास्त येणार नाही.

सरकारी बाजूलाही हालचाल आहे. दूरदर्शनचा संग्रह विभाग २००३ पासून डिजिटल करण्याचं काम करतो आहे, जुने कार्यक्रम यूट्यूबवर टाकले जातात आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीनं ‘वेव्हज’ हे ॲप सुरू केलं. ही चांगली सुरुवात आहे. पण संस्था दाखवू शकते ते तिच्याकडे असलेलंच. एनएचकेसारखं जाहीर आवाहन प्रसार भारतीनं मराठीतून, सह्याद्री वाहिनीवरून केलं पाहिजे : तुमच्याकडे आमचे कार्यक्रम असतील तर आणून द्या, प्रत काढून कॅसेट परत करू, कुणाला जाब विचारणार नाही. एवढं आश्वासन मिळालं तरी कितीतरी खोकी उघडतील.

वेळ मात्र थोडा आहे. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. चालू यंत्रं कमी होत चालली आहेत आणि हेड बदलून देणारे कारागीर त्याहून कमी.

तेव्हा श्रीवर्धनकरांना, म्हसळेकरांना, मुरूडकरांना आणि मुंबईत राहून गावच्या घराची किल्ली सांभाळणाऱ्या सगळ्यांनाच सांगणं आहे. माळ्यावरचं खोकं खाली काढा. कॅसेटवर ‘लग्न’ किंवा ‘पिक्चर’ लिहिलेलं असलं तरी शेवटच्या अर्ध्या तासात रविवारची मालिका असू शकते. मागच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी तोडून टाका, म्हणजे चुकूनही पुसली जाणार नाही. बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका, उन्हात वाळवू नका. कोरड्या डब्यात उभी ठेवा. कुणी, कुठे, साधारण कधी रेकॉर्ड केली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी डब्यात टाका. मग गावच्या वाचनालयात जाऊन एवढंच विचारा, की हे ठेवून घ्याल का? दिवाळीची साफसफाई एव्हाना झाली असेल, तर भंगारवाला यायच्या आत हे करा.